गुलाबी फितीमागचा हिशेब

ऑक्टोबर महिना आला की ठाण्यातील मॉलपासून डोंबिवली स्टेशनबाहेरच्या होर्डिंगपर्यंत सगळीकडे गुलाबी रंग दिसू लागतो. सोनाराच्या जाहिरातीत गुलाबी फीत असते, क्रीमच्या डबीवर गुलाबी झाकण असते आणि खासगी रुग्णालये बायकांसाठी गुलाबी टी-शर्ट घालून धावण्याचे कार्यक्रम ठेवतात. हा स्तनाच्या कॅन्सरविषयी जागृतीचा महिना म्हणून जगभर पाळला जातो. आपल्या विहारांत आणि समाजमंदिरांत याच महिन्यात धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे, वर्षावास समाप्तीचे कार्यक्रम असतात, माणसे जमलेली असतात. त्यामुळे महिला मंडळाच्या ताईंना फोन येऊ लागतात, "आम्ही मोफत कॅन्सर शिबिर घेतो, तुम्ही फक्त हॉल आणि दीडशे महिला द्या."

असा फोन आला की होकार देण्यापूर्वी काय विचारायचे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. आजार खोटा नाही, तो फार मोठा आहे. म्हणूनच त्याच्या नावाने कोण काय विकते, कोणाला किती मिळते आणि आपल्या वस्तीतील बाईच्या पदरात काय पडते, याचा हिशेब आपण मांडला पाहिजे. माझ्या मते हिशेबाचे माप एकच आहे. ज्या बाईच्या छातीत गाठ होती, ती बाई वेळेवर उपचारापर्यंत पोहोचली का?

आजार किती मोठा

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार महिलांना स्तनाचा कॅन्सर झाल्याचे निदान झाले आणि सुमारे ९८ हजार महिला त्याने दगावल्या. भारतीय महिलांमध्ये आज सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर हाच आहे. लवकर सापडला तर तो बरा होणारा आहे. आपल्याकडे तो उशिरा सापडतो, हे खरे दुखणे आहे.

उशिरा का सापडतो? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या महिलांना विचारले गेले की, कॅन्सरसाठी तुमच्या स्तनांची तपासणी कधी झाली आहे का? देशभरात "हो" म्हणणाऱ्या महिला होत्या ०.९ टक्के. म्हणजे शंभरात एकसुद्धा नाही. गुलाबी ऑक्टोबर आपल्या शहरांत अनेक वर्षांपासून साजरा होतो आहे, तरी आकडा हा आहे. फीत सगळ्यांनी पाहिली, तपासणारा हात मात्र बायकांपर्यंत पोहोचला नाही.

फीत कोणाची होती

या फितीचा इतिहास आपल्या महिलांना माहीत असायला हवा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील कॅलिफोर्नियात शार्लट हेली नावाच्या एक वयस्क बाई राहत होत्या. त्यांच्या घरातील बायकांना स्तनाचा कॅन्सर झाला होता. त्या घरी बसून हाताने फिती बनवत. त्या फितीचा रंग गुलाबी नव्हता, पिकलेल्या पीच फळासारखा फिकट नारिंगी होता. प्रत्येक फितीसोबत एक कार्ड असे. त्यावर लिहिलेले असे की, सरकारच्या कर्करोग संस्थेचे बजेट इतके मोठे आहे, पण त्यातला फक्त ५ टक्के पैसा आजार होऊ नये यासाठी खर्च होतो. लोकप्रतिनिधींना जागे करण्यासाठी ही फीत लावा. म्हणजे ती फीत सरकारला जाब विचारणारी होती.

१९९२ मध्ये अमेरिकेतील एका महिला मासिकाने आणि एस्टी लॉडर या सौंदर्यप्रसाधनांच्या मोठ्या कंपनीने हेलीबाईंकडे त्यांची फीत मागितली. हे धंद्याचे काम आहे, असे म्हणून त्यांनी नकार दिला. मग वकिलांचा सल्ला घेऊन कंपनीच्या लोकांनी रंग बदलला आणि गुलाबी फीत काढली. मेकअपच्या काउंटरवरून त्या वर्षी अशा सुमारे १५ लाख फिती वाटल्या गेल्या. रंगाबरोबर अर्थही बदलला. हेलीबाईंच्या फितीवर प्रश्न होता, गुलाबी फितीवर तो उरला नाही.

जागृतीचा महिनाही असाच सुरू झाला. १९८५ मध्ये इम्पिरियल केमिकल इंडस्ट्रीज या ब्रिटिश रासायनिक कंपनीच्या औषध शाखेने त्याला पैसा पुरवला. टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कॅन्सरवरील औषध याच कंपनीचे. ते चांगले औषध आहे, आज स्वस्तात मिळते आणि त्याने असंख्य बायकांचे प्राण वाचले आहेत. पण हीच कंपनी पॅराक्वाटसारखी विषारी तणनाशकेही बनवत होती. त्या महिन्याचा सगळा भर "तपासणी करून घ्या" यावर राहिला. "आजार होतो कशामुळे" हा प्रश्न मागे पडला. जो पैसा देतो, तो कोणते प्रश्न विचारायचे हेही ठरवतो. हे इथे नीट दिसते.

दानाचा हिशेब कसा असतो

"ही वस्तू घ्या, आम्ही कॅन्सरग्रस्तांना मदत करू" असे कंपनी म्हणते, तेव्हा आकडे पाहावेत. २००२ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस या क्रेडिट कार्ड कंपनीने जाहीर केले की, कार्डाने केलेल्या प्रत्येक खरेदीमागे एक सेंट दान देऊ. सेंट म्हणजे त्यांच्या रुपयाचा पैसा समजा. खरेदी दहा डॉलरची असो की हजार डॉलरची, दान एकच सेंट. योप्ले नावाच्या दह्याच्या कंपनीने गुलाबी झाकण धुऊन पोस्टाने पाठवले तर झाकणामागे १० सेंट देऊ असे सांगितले. म्हणजे दह्याचे पैसे बाईने द्यायचे, तिकिटाचे पैसेही बाईने द्यायचे, आणि दानशूर म्हणून नाव कंपनीचे. त्याच काळात या दह्याचे काही दूध कृत्रिम संप्रेरक टोचलेल्या गायींचे होते. हे संप्रेरक आणि कॅन्सर यांच्या संबंधाविषयी शंका घेतल्या जात होत्या. २०१० मध्ये केएफसी कंपनीने तळलेल्या कोंबडीचे गुलाबी डबे विकले आणि डब्यामागे ५० सेंट एका कॅन्सर संस्थेला दिले.

याविरुद्ध आवाज उठवला तो आजारी बायकांनीच. सॅन फ्रान्सिस्कोतील ब्रेस्ट कॅन्सर अॅक्शन या संघटनेने २००२ पासून लोकांना सांगायला सुरुवात केली की, गुलाबी वस्तू घेण्यापूर्वी विचार करा. ही संघटना औषध कंपन्यांकडून पैसा घेत नाही. दह्याच्या कंपनीला पत्रे लिहून, जाब विचारून त्यांनी २००९ मध्ये ते संप्रेरकाचे दूध वापरणे बंद करायला लावले.

आपल्या देशात काय चालते

आपल्याकडे कंपन्यांच्या दानाला कायदा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता (नेट वर्थ) ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजासाठी खर्च करायची असते. याला सगळे सीएसआर म्हणतात. तेव्हा अशी कंपनी वस्तीत येते, ती उपकार करायला आलेली नसते. कायद्याने ठरवलेला खर्च ती करत असते.

याच कायद्याच्या नियमांत २०२१ मध्ये एक सुधारणा झाली. स्वतःच्या मालाची किंवा सेवेची जाहिरात व्हावी म्हणून दिलेले प्रायोजकत्व सीएसआरच्या खर्चात धरता येत नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. कंपनीने आपले सीएसआरचे प्रकल्प स्वतःच्या वेबसाइटवर जाहीर करायचे असतात. म्हणून शिबिराच्या बॅनरवर आजारापेक्षा कंपनीचे नाव मोठे असेल, तर "हा खर्च सीएसआरमध्ये दाखवणार की जाहिरातीत?" असे विचारायला काहीच हरकत नाही.

जागृतीच्या नावाखाली जाहिरातदार कुठपर्यंत जातात, हे मागच्या काही वर्षांत आपण पाहिले. २ फेब्रुवारी २०२४ रोजी अभिनेत्री पूनम पांडे यांचे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने निधन झाल्याची बातमी त्यांच्याच इन्स्टाग्राम खात्यावरून देण्यात आली. दुसऱ्या दिवशी त्या जिवंत असल्याचे समजले आणि हे सगळे जागृतीसाठी केले, असे सांगण्यात आले. त्यात सहभागी असलेल्या जाहिरात कंपनीला माफी मागावी लागली. ज्या घरात खरोखर अशी बातमी आलेली आहे, त्या घरातील लोकांना काय वाटले असेल? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्ली मेट्रोच्या डब्यात स्तनांना संत्री म्हणणारी जाहिरात लागली. एका कॅन्सर संस्थेची ती जाहिरात होती. लोकांनी आक्षेप घेतल्यावर मेट्रोने ती काढली. बाईच्या आजारावर बोलायचे आणि बाईच्या अवयवाचे साधे नाव घ्यायची लाज वाटायची, याला जागृती कसे म्हणायचे?

वस्तीतील शिबिर

हे झाले मोठ्या शहरांचे आणि मोठ्या लोकांचे. आपल्या वस्तीत ते कोणत्या रूपात येते? नर्सची नोकरी सोडून मी वस्त्यांत काम करू लागले, तेव्हापासून अशी बरीच शिबिरे पाहिली. त्यांतील एकाचे सांगते. कल्याण पूर्वेत एका खासगी रुग्णालयाने एका संस्थेसोबत शिबिर घेतले होते. दारावर गुलाबी फुगे, आत नोंदणीचे टेबल. नाव, वय, मोबाइल नंबर, घरातील कमावत्या माणसाचे काम, एवढे सगळे लिहून घेतले. पडद्याआड एका बाईची तपासणी होण्यास मिनिटभरही लागत नव्हता. शेवटी पिशवी, पाण्याची बाटली आणि फोटो. ज्या बायकांच्या तपासणीत शंका आली, त्यांना कूपन मिळाले. आमच्या रुग्णालयात या, सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी अर्ध्या किमतीत. महापालिकेच्या कोणत्या दवाखान्यात जायचे, योजनेत उपचार कुठे होतात, याचा एकही कागद नव्हता.

त्या बायकांत चार घरची धुणीभांडी करणारी एक ताई होती. अर्धी किंमतही तिच्या महिन्याच्या रेशनाएवढी होती. तिने कूपन डब्यात ठेवले. शिबिरातून तिला परत कोणी फोन केला नाही. फोन आले ते आरोग्य विम्याचे आणि तपासणी पॅकेजचे. तीन महिन्यांनी महिला मंडळाच्या बैठकीत तिने गाठीचा विषय काढला. मग मंडळाच्या ताई तिला सरकारी रुग्णालयात घेऊन गेल्या, सुईची तपासणी झाली, कॅन्सर निघाला आणि योजनेतून उपचार सुरू झाले. पण ते तीन महिने हातचे गेले. रुग्णालयाच्या अहवालात मात्र ती शिबिराची एक "लाभार्थी" म्हणून मोजली गेली असणार.

सगळीच शिबिरे अशी नसतात. काही डॉक्टर आणि संस्था मनापासून काम करतात, शंका आलेल्या प्रत्येक बाईचा पाठपुरावा करतात. दोन्हींतला फरक ओळखायला शिकले पाहिजे.

काही तपासण्यांबाबतही सावध राहावे. "उष्णतेच्या कॅमेऱ्याने कॅन्सर ओळखतो, दुखत नाही, हात लावत नाही" असे सांगून थर्मोग्राफी केली जाते. थर्मोग्राफी मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये दिला आहे. "महिला पॅकेज"मध्ये रक्तातील सीए १५-३ सारख्या चाचण्या असतात. कॅन्सरचे निदान झालेल्या बाईच्या उपचारावर लक्ष ठेवायला त्यांचा उपयोग होतो. धडधाकट बाईचा कॅन्सर शोधायला त्या उपयोगाच्या नाहीत. तरुण वयात स्तन घट्ट असतात, त्यामुळे मॅमोग्राफीत नीट दिसत नाही. "सगळ्या मुलींची मॅमोग्राफी करा" असे कोणी म्हणत असेल तर ते मशीन चालवण्यासाठी आहे. आणि जडीबुटीने किंवा पावडरीने कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने गुन्हा आहे.

काय केल्याने जीव वाचतो

मग उपयोगी काय? याचे उत्तर परदेशातून आणायची गरज नाही. ते आपल्या शेजारी, मुंबईच्या झोपडपट्ट्यांत मिळाले आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये तिथे एक मोठा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजारांहून जास्त महिला त्यात होत्या. अर्ध्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या महिला आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, महिलांच्या स्तनांची हाताने तपासणी केली आणि माहिती दिली. या कार्यकर्त्या डॉक्टर नव्हत्या. मशीन नव्हते. दुसऱ्या अर्ध्या वस्त्यांत एकदा माहिती दिली गेली आणि पुढे घरभेटी देऊन नोंद ठेवली गेली.

वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या वस्त्यांत तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेल्या कॅन्सरचे प्रमाण ३७ टक्के होते, दुसऱ्या वस्त्यांत ४७ टक्के. ५० वर्षे आणि त्यावरील महिलांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. ५० च्या खालच्या महिलांमध्ये मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही, हेही त्याच अभ्यासात नोंदवले आहे आणि तेही सांगितले पाहिजे. तरुण बाईने म्हणून निष्काळजी राहावे असा याचा अर्थ नाही. गाठ लागली तर कोणत्याही वयात दाखवायचीच.

हे ज्ञान झोपडपट्टीतील बायकांच्या सहभागातून मिळाले. त्यांनी वीस वर्षे दार उघडले, तपासणी करू दिली, प्रश्नांची उत्तरे दिली. तेव्हा त्या ज्ञानावर पहिला हक्क वस्तीतील बाईचा आहे. पण प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्तीचा हात गुलाबी डब्यात घालून विकता येत नाही, म्हणून त्याची जाहिरात कोणी करत नाही.

सरकारच्या असंसर्गजन्य आजार नियंत्रण कार्यक्रमात ३० वर्षांवरील प्रत्येक महिलेची तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी करण्याची तरतूद आहे. आशाताईने घरी येऊन फॉर्म भरायचा आणि आरोग्य केंद्रात तपासणी व्हायची. म्हणजे कंपनी ज्याची भीक घालते, तो आपला हक्कच आहे.

औषध कोणाला परवडते

निदान झाल्यावर दुसरा प्रश्न येतो औषधाचा. काही महिलांच्या कॅन्सरला ट्रास्टुझुमॅब नावाचे इंजेक्शन लागू पडते. रोश ही स्विस कंपनी ते विकते. एकेकाळी आपल्याकडे त्याच्या एका कुपीची किंमत लाखाच्या घरात होती आणि वर्षभर ती घ्यावी लागत. २०१२ मध्ये महिला संघटना, आरोग्य कार्यकर्ते आणि रुग्णांनी भारतात मोहीम सुरू केली की, हे औषध परवडणाऱ्या दरात मिळालेच पाहिजे. २०१३ मध्ये सक्तीचा परवाना देण्याची चर्चा सरकार दरबारी सुरू झाली आणि त्याच वर्षी कंपनीने भारतातील आपले पेटंट सोडून दिले. २०१४ मध्ये बायोकॉनचे औषध कमी किमतीत बाजारात आले. कंपनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तरी नंतर आणखी कंपन्यांची औषधे आली आणि किंमत उतरत गेली.

२०२२ मध्ये केरळमधील एका निवृत्त महिलेने उच्च न्यायालयात धाव घेतली. तिच्या स्तनाच्या कॅन्सरवरील रिबोसिक्लिब या एकाच औषधाला महिन्याला ५८ हजारांहून जास्त रुपये लागत होते. निकालाची वाट पाहताना त्याच वर्षी ती वारली. तिच्या मागे न्यायालयाने तो प्रश्न स्वतःहून पुढे चालू ठेवला.

औषधाचे दर उतरतात ते प्रश्न विचारल्याने, अर्ज-याचिका केल्याने. गुलाबी टी-शर्ट घालून धावल्याने एकाही इंजेक्शनची किंमत उतरलेली नाही.

आणखी एक गुलाबी रंग

गुलाबी रंगाची एक आठवण डोंबिवलीकरांना वेगळीच आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतील रस्ता रासायनिक सांडपाण्याने गुलाबी झाला होता. त्याआधी जानेवारी २०१४ मध्ये तिथे हिरवा पाऊस पडला. २६ मे २०१६ ला प्रोबेस कंपनीत आणि २३ मे २०२४ ला अमुदान केमिकल्समध्ये स्फोट होऊन कामगार आणि रहिवासी मेले. या कारखान्यांभोवती कोण राहते, तिथे ठेक्यावर कोण राबते, हे आपल्याला सांगायला नको.

स्तनाच्या कॅन्सरला अनेक कारणे असतात. वाढते वय, घराण्यातील आजार, दारू, शरीरातील संप्रेरके. या प्रदूषणाने अमुक बाईला कॅन्सर झाला, असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, गुलाबी मोहिमेत बाईने काय करावे याची यादी असते. व्यायाम करा, फळे खा, स्वतःला तपासा. कारखान्याने काय करावे याची यादी त्यात कधी नसते. आपल्या शिबिरात पाणी आणि हवेचाही प्रश्न निघाला पाहिजे.

शिबिराला होकार देण्यापूर्वी

महिला मंडळांनी हे प्रश्न वहीत लिहून ठेवावेत आणि उत्तर लेखी घ्यावे.

१. खर्च कोण करते? संस्था असेल तर धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी क्रमांक काय? कंपनी असेल तर हा सीएसआर आहे की जाहिरात?

२. तपासणी कोण करणार? स्त्री डॉक्टर किंवा प्रशिक्षित नर्स असेल का? आडोसा असेल का?

३. शंका आलेल्या बाईची पुढची सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि सुईची तपासणी कुठे आणि कोणाच्या पैशाने? फक्त तुमच्याच रुग्णालयात का?

४. तीन महिन्यांनी येऊन तुम्ही सांगणार का, की किती जणींत शंका आली, किती जणींचे निदान झाले आणि किती जणींचे उपचार सुरू झाले?

५. नाव आणि मोबाइल नंबर कोणाला देणार? विम्याचे, पॅकेजचे फोन येणार नाहीत याची हमी काय?

६. फोटो का काढता? बाईला विचारल्याशिवाय फोटो नाही, आधार कार्डाची झेरॉक्स नाही.

तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर हॉल देऊ नका. पिशवी आणि बाटली आपण बाजारातून आणू शकतो.

गाठ लागली तर

न दुखणारी गाठ स्तनात किंवा काखेत लागणे, कातडी खडबडीत होणे किंवा आत खळगा पडणे, बोंड आत ओढले जाणे, बोंडातून रक्त किंवा रक्तासारखे पाणी येणे, अशा खुणा दिसल्या तर दोन आठवड्यांच्या आत दाखवा. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पण दुखत नाही म्हणून थांबू नका, कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. सुई टोचल्याने कॅन्सर पसरतो, ही भीती चुकीची आहे. सुईच्या तपासणीशिवाय निदान होत नाही.

आधी जवळचे महापालिकेचे आरोग्य केंद्र. तिथून कल्याणला रुक्मिणीबाई, डोंबिवलीला शास्त्रीनगर, ठाण्यात सिव्हिल किंवा कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. पुढे परळचे टाटा मेमोरियल. चिठ्ठी घेताना "पुढे कुठे, कोणाकडे, कोणत्या दिवशी" हे लिहून मागा. मंडळाची एक ताई सोबत जाऊ द्या, एकटी बाई अर्ध्यातून परत येते. लोकलमधील दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सरच्या रुग्णांना जाता येते, रुग्णालयाचा कागद जवळ ठेवा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन येते. आता कोणतेही रेशनकार्ड चालते आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा किंवा १५५३८८ वर विचारा. धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथे वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड सोबत न्या.

आणि एक काम मंडळांनी मिळून करावे. माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज आपापल्या महापालिकेच्या आरोग्य विभागाला द्यावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही शुल्क नाही. चार प्रश्न पुरेत. आमच्या भागातील केंद्रात गेल्या वर्षी ३० वर्षांवरील किती महिलांच्या स्तनांची तपासणी झाली? किती जणींना पुढे पाठवले? किती जणींचे निदान झाले? तपासणीचे प्रशिक्षण किती नर्स आणि आरोग्यसेविकांना दिले? उत्तर तीस दिवसांत यायला हवे. ते आले की मंडळाच्या बैठकीत वाचा, नगरसेवकापुढे ठेवा आणि आरोग्य केंद्रात आठवड्याचा एक ठरलेला दिवस महिलांच्या तपासणीसाठी मागा. हा लेख विहारात मोठ्याने वाचून दाखवला तरी चालेल, ज्या आजींना वाचता येत नाही त्यांनाही तो कळला पाहिजे. ५० च्या पुढच्या त्याच आहेत.